वरूनच गेलंय

सिद्धेश्वरात काहीही बंद पडलं की ते वरूनच बंद पडलेलं असतं. लाइट गेली, वरूनच गेली. नळाला पाणी नाही, वरूनच सोडलं नाही. अनुदान, पीकविमा, पगार, एसटी ही सगळी वरून येणारी आणि वरूनच अडणारी मंडळी. हे 'वर' म्हणजे नेमकं कुठं, हे कुणी विचारत नाही. विचारणं शिष्टाचाराला धरून नाही. 'वरूनच' म्हटलं की सांगणाऱ्याची जबाबदारी संपते, ऐकणाऱ्याचा राग उतरतो आणि दोघं मिळून चहाला जातात.

यात गावाच्या भूगोलाचाही हात आहे. औंढा नागनाथ तालुक्यातलं हे गाव पूर्णा नदीवरच्या धरणाला लागून. धरणात पाणी कमी का, असं इथं विचारलं तर उत्तर मिळतं, येलदरीतून सुटलं नाही. येलदरी वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात. तिथं साडेबावीस मेगावॅटचं वीजघर आहे, त्याची चाकं फिरली की पाणी खाली आमच्याकडं येतं. येलदरीत विचारलं तर खडकपूर्णेकडं बोट. खडकपूर्णा धरण बुलढाणा जिल्ह्यात. तिथं विचारलं तर बोट आभाळाकडं. म्हणजे दोन जिल्हे ओलांडून गेल्यावर 'वरूनच' हे उत्तर शब्दशः खरं ठरतं. पाण्याची ही रीत असलेल्या गावात इंटरनेटनं वेगळं काही वागावं, अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

घोळ घातला तो लिनक्सनं.

गावात ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं एक दुकान आहे. चालवणारा पोरगा पंचविशीचा, पोलीस भरतीची तयारी करता करता दुकानात बसलेला. अंगठा घ्यायच्या यंत्रासाठी त्याच्याकडं एक लॅपटॉप आहे, आणि फॉर्म, निकाल, हॉलतिकीट, सातबारा यांसाठी एक जुना डेस्कटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि विंडोज ११ नं या डेस्कटॉपला दारातच अडवलं. सुरक्षेची जी चिप लागते ती त्याच्यात नव्हती. दिवाळीला पुण्याहून त्याचा चुलतभाऊ आला. हा कंपनीत कामाला. त्यानं फराळ होईपर्यंत त्या डेस्कटॉपवर लिनक्स बसवून टाकलं. "फुकट आहे, हलकं आहे, व्हायरस नाही," असं म्हणून तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेला. लिनक्स बसवून देणारी माणसं नेहमी दुसऱ्या दिवशी जातात.

लिनक्स म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नाही. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं ते सुरू केलं आणि आज लोकांच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटातही तेच आहे. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या संगणकांवर उबुंटू बसवलं गेलं. म्हणजे बांधाच्या भांडणात तारखा खाणाऱ्या आपल्या कितीतरी मंडळींचा लिनक्सशी जुना घरोबा आहे, फक्त ओळख करून दिलेली नाही.

लिनक्सचा स्वभाव मात्र आपल्याकडच्या माणसाला झेपणारा नाही. ते खरं बोलतं. काही बिघडलं की बाकीची यंत्रं 'काहीतरी चुकलं, थोड्या वेळानं प्रयत्न करा' असं गोड बोलून पाठवून देतात, अगदी टेबलामागच्या अनुभवी क्लार्कसारखं. लिनक्स काळा पडदा उघडून कुठल्या फायलीत, कितव्या ओळीवर, कुणामुळं अडलं ते सांगत सुटतं. घरात असा एक माणूस असतोच, आणि त्याला लग्नकार्यात पुढं बसवत नाहीत.

तर एका सकाळी नेट गेलं. राउटरवर 'एलओएस' असं लिहिलेला बारका दिवा असतो. फायबरमधून उजेड येईनासा झाला की तो लाल लुकलुकतो. तो लुकलुकत होता. रस्त्याच्या कडेनं कुठंतरी जेसीबी चालू होता, आणि जेसीबीला जमिनीखालचं जे काही दिसत नाही त्यात फायबर पहिलं. कंपनीला फोन झाला, "काम चालू आहे" असं उत्तर आलं. म्हणजे या खेपेला खरोखरच वरून गेलं होतं. गोष्ट इथंच संपायला हवी होती. लोकांनी चहा प्यायचा, आणि वायर जोडली जाईपर्यंत गप्प बसायचं.

पण दुकानात माणसं होती. कुणाला लाडक्या बहिणीची केवायसी करायची होती, कुणाच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. आणि रिकामी बसलेली माणसं यंत्रासमोर गप्प राहात नाहीत. पहिल्यानं स्विच बंद-चालू केला. दुसऱ्यानं केबल काढून तिच्या तोंडात फुंकर मारली आणि परत लावली, तेव्हा तिची प्लास्टिकची टिचकी तुटली. तिसऱ्यानं राउटरचे अँटेना पश्चिमेकडं वळवले. औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी आख्खं देऊळ फिरलं अशी आमच्याकडं श्रद्धा आहे, त्यामुळं काहीतरी फिरवल्यानं काम होतं यावर लोकांचा विश्वास पक्का. डेस्कटॉप केबलवर होता, अँटेनाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, ही गोष्ट वेगळी. चौथा माणूस पर्समधली सेफ्टी पिन घेऊन राउटरच्या मागच्या बारक्या भोकाकडं निघाला होता. त्या भोकात पिन दाबली की राउटर कंपनीतून आल्यासारखा कोरा होतो आणि कनेक्शनचा आयडी-पासवर्डही विसरतो. पोरानं झडप घालून त्याचा हात धरला. त्या दिवसातला तो सगळ्यात मोठा तांत्रिक निर्णय.

मग मोबाइलच्या डेट्यावर पुण्याला व्हिडिओ कॉल लागला. पुण्याच्या दादाला एलओएसचा दिवा कुणी दाखवला नाही. त्याला फक्त "नेट येईना गेलंय" एवढंच सांगितलं. आणि संगणक कळणाऱ्या माणसाला अर्धी माहिती दिली तरी तो पूर्ण उपाय देतोच.

"टर्मिनल उघड. सुडो लिही. स्पेस. नॅनो. स्पेस. आता स्लॅश."

"कोणता स्लॅश? दोन हायेत."

"एंटरच्या वरचा नको. प्रश्नचिन्हाच्या खालचा."

"प्रश्नचिन्हाच्या खाली तर टेबल हाय."

"अरे, त्याच बटणावर! खालचा!"

मग पासवर्ड. लिनक्सच्या टर्मिनलवर पासवर्ड टाइप करताना सहसा काहीच उमटत नाही, चांदणीसुद्धा नाही. मागून बघणाऱ्याला पासवर्ड किती अक्षरी आहे हेही कळू नये म्हणून ही काळजी. मागून बघणारे एकमतानं म्हणाले, कीबोर्ड गेला. शेजारच्या फोटो स्टुडिओतून दुसरा कीबोर्ड आला. त्यावरही काही उमटेना. "दोन्ही कीबोर्ड एकदमच गेले म्हंजे वरूनच हाय," असा निष्कर्ष निघाला. तोवर पोरानं वैतागून एंटर दाबलं होतं आणि पासवर्ड बरोबर निघाला.

पुढच्या तासाभरात त्या डेस्कटॉपवर जे झालं ते थोडक्यात असं. दादानं आयपी पत्ता आपोआप घ्यायचा बंद करून हातानं लिहायला लावला, १९२.१६८.०.५०. त्याच्या पुण्याच्या घरी तो चालतो. सिद्धेश्वरातला राउटर १९२.१६८.१.१ वर बसतो, म्हणजे गल्लीच वेगळी. मग नावावरून पत्ता शोधायची जी फाइल असते, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ, ती उडवून नवी केली आणि तिच्यात नेमसर्व्हर म्हणून ८.८.८.८ लिहायला लावलं. पोरानं ऐकून लिहिलं, पण स्पेलिंगमधला शेवटचा आर राहिला. आणि शेवटी, संगणकानं ही फाइल परत बदलू नये म्हणून, दादानं तिला कुलूप घातलं. लिनक्समध्ये फाइलला असं एक कुलूप घालता येतं की मग खुद्द रूट म्हणजे मालकसुद्धा ती बदलू शकत नाही. एवढं करून तो म्हणाला, "मला मीटिंग आहे." एलओएसचा दिवा तिकडं लुकलुकतच होता.

संध्याकाळी फायबर जोडलं गेलं. लाल दिवा विझला. दुकानातल्या सगळ्यांच्या मोबाइलला वायफाय आलं, दिवसभराचे गुड मॉर्निंग एकदम कोसळले. डेस्कटॉप मात्र ढिम्म. आता पंचाईत झाली. वरून आलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आलं होतं, आणि तरी खाली नव्हतं. या परिस्थितीसाठी गावाकडं वाक्यच नाही.

तिथं बाकावर एक मामा बसले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले पाटकरी. सगळी नोकरी वसमतकडच्या वितरिकेवर गेली. संगणकाचं त्यांना काही कळत नाही, आणि ते त्यांनी दिवसभर लपवलंही नव्हतं. सकाळपासून ते एक अक्षर बोलले नव्हते. आता म्हणाले, "पोरा, शेतात पाणी येईना तर धरणावर पळायचं नसतंय. शेतातून निघायचं. आधी आपलं दार, मग शेतचारी, मग वितरिका, मग कालवा. हात लावत जायचं. ओलं कुठं लागतंय आन् कोरडं कुठं, तेवढं बघायचं. चोर त्या दोघांच्या मधीच असतोय."

नेटवर्क दुरुस्तीचं पुस्तक लिहिणाऱ्यांनी यापेक्षा जास्त काही लिहिलेलं नाही, फक्त पानं जास्त आहेत.

पोरानं आधी केबलच्या खाचेजवळचा हिरवा-पिवळा दिवा बघितला. टिचकी तुटलेली केबल अर्धवट बाहेर आली होती. ती दाबून वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा खोचला. मग 'आयपी ए' असं लिहिलं. यादी आली. पहिलं नाव 'एलओ', पत्ता १२७.०.०.१. मामांनी विचारलं, हे कोण? पोरगा म्हणाला, हा संगणक स्वतःच. त्याला पिंग केलं, म्हणजे हाक मारली, की उत्तर हमखास येतं, केबल काढून ठेवली तरी येतं. मामा म्हणाले, "म्हंजे घरचंच मत." दुसरं नाव 'ईएनपीटूएसझिरो'. पूर्वी याला साधं सुटसुटीत 'ईटीएचझिरो' म्हणायचे. २०१३ च्या सुमाराला हे नाव कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून पडू लागलं, आणि तेव्हापासून जुन्या मंडळींना आपलंच कार्ड ओळखू येत नाही.

आता राउटरला पिंग. पडद्यावर ओळ आली: १९२.१६८.०.५० कडून, यजमानापर्यंत पोचता येत नाही. पोरगा चिडला, राउटर नाही म्हणतोय. मामांनी चष्मा वर सरकवला. "नाही म्हणतंय कोण, ते वाच की." वाचलं तर निरोप राउटरचा नव्हताच. १९२.१६८.०.५० म्हणजे आपलाच डेस्कटॉप. तो स्वतःच स्वतःला कळवत होता की मी पोचू शकत नाही. कोरडं पहिल्याच दाराशी लागलं होतं. राउटर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, हात लांबवला तर लागेल इतका.

इथं एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. याच तालुक्यात, औंढ्याजवळ दुधाळ्याला, गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो-इंडिया उभं राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो टिपायचा. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरांची टक्कर ऐकली, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरची. ती लहर मात्र निर्विवाद वरूनच आली होती.

पोरानं सेटिंगमध्ये जाऊन 'मॅन्युअल' काढून 'ऑटोमॅटिक' केलं. डेस्कटॉपनं राउटरकडं पत्ता मागितला, राउटरनं दिला. पिंग सुरू झालं, ओळीमागून ओळ. विंडोजवर पिंग चार वेळा हाक मारतं आणि थांबतं, लिनक्सवर कंट्रोल-सी दाबेपर्यंत मारतच राहतं. मामांना हे फार आवडलं. त्यांनी थांबवू दिलं नाही.

हे पिंग माइक म्यूस नावाच्या अमेरिकी माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं. पाणबुडी शोधायला आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून नाव. त्यानंच लिहून ठेवलेला एक किस्सा आहे. एका माणसाची केबल मधूनच लागायची, मधूनच जायची. त्यानं पिंगच्या प्रत्येक उत्तराला संगणकाकडून मोठ्यानं 'पिंग' असं म्हणवून घेतलं, ते स्टिरिओला जोडलं, आवाज पूर्ण वाढवला आणि इमारतभर फिरत एकेक जोड हलवत सुटला. जिथं हलवल्यावर आरडाओरडा थांबला, तिथं बिघाड. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, आम्ही पाटात लिंबाचा पाला सोडायचो आणि खाली पोरगं उभं करायचो. पाला आला की ते बोंब मारायचं.

शेवटी कंट्रोल-सी दाबलं. खाली हिशोब आला: इतकी पाकिटं पाठवली, इतकी मिळाली, गळती शून्य टक्के.

"शून्य?" मामा म्हणाले. "शून्य गळती कशी असंल? सगळी नोकरी कालव्यावर गेली माझी. आकडे हापिसात बसून भरलेत."

पुढं ८.८.८.८ लाही पिंग गेलं. म्हणजे कालव्यापर्यंत ओलं होतं. ब्राउझर उघडला, तर एकही साइट नाही. नावानं पिंग केलं तर उत्तर आलं, नाव शोधण्यात तात्पुरतं अपयश. या 'तात्पुरतं' शब्दावर माझा राग आहे. लिनक्सच्या खरेपणाला इथंच काय तो डाग लागतो; फाइल दुरुस्त होईपर्यंत हे तात्पुरतं अपयश वर्षभरही टिकू शकतं. पत्त्यावर पोचता येतं पण नावावरून पत्ता सापडत नाही, म्हणजे घोळ रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये. फाइल उघडली, हरवलेला आर सापडला. तो लिहून सेव्ह करायला गेला तर परवानगी नाही. मालकाच्या हक्काचं सुडो लावलं, तरी परवानगी नाही. दुकानाचा मालक, लाइटबिल भरणारा, पासवर्ड जाणणारा माणूस, आणि त्याला एक अक्षर लिहायची परवानगी नाही.

लोकांनी आता सरकारला, कंपनीला आणि पुण्याला धरलं. मामांनी शांतपणे विचारलं, "गेटला कुलूप घातलंय का कुणी?"

पोरानं डोक्याला हात लावला. पुण्याला फोन. दादा जेवत होता. त्यानं कुलूप काढायची आज्ञा तोंडात घास ठेवूनच सांगितली, आणि या खेपेला स्लॅश कुठला ते पोरानं विचारलं नाही.

मला वाटतं, दिवसभरात यंत्रानं एकही चूक केली नव्हती. सकाळी फायबर तुटलं ते जेसीबीनं, आणि ते जोडलंही गेलं. बाकीचं सगळं आम्ही त्या मधल्या वेळात केलं, हातावर हात ठेवून बसवत नाही म्हणून. मामा म्हणाले, आवर्तनाचंही हेच. पाटाला पाणी नसतं त्या दिवसांत जो तो जाऊन दारं वरखाली करतो. कुणी बोळा कोंबतो, कुणी मातीचा पाळा फोडतो. मग एका रात्री खरंच पाणी सुटतं, आणि सकाळी बघावं तर भलत्याच्याच रानात तळं. त्यावर पंचनामा होतो, आणि त्यातही पहिलं वाक्य हेच असतं की पाणी वरूनच चुकीचं सोडलं.

साइट उघडली. खोळंबलेल्या बायकांमध्ये एकदम हालचाल झाली, आधारकार्डं पुढं आली. पहिलीचा ओटीपी येतोय तोच पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात अपडेटचं चिन्ह जागं झालं, त्यावर एक ठिपका. नवे अपडेट आलेत, त्यात नवा कर्नलही आहे, बसवल्यावर संगणक बंद करून चालू करावा लागेल. सुरक्षेच्या दृष्टीनं ते बसवणं चांगलं, हे मीही सांगून बघितलं.

पोरानं माझ्याकडं बघितलं, मग रांगेकडं बघितलं. फॉर्मवरचे पासपोर्ट फोटो चिकटवायच्या डब्यात कुणीतरी विसरलेलं टिकल्यांचं पाकीट होतं. त्यातली मोठ्यात मोठी टिकली काढून त्यानं पडद्याच्या त्या कोपऱ्यावर बरोब्बर ठिपक्याच्या जागी लावली, अंगठ्यानं दाबली आणि ओरडला, "चला मावशी, पुढचा नंबर कुणाचा?"